नको आई, रडू नकोस

३१ ऑक्टोबर, क्राकोव

लेक पोलंडमध्ये क्राकोवला नोकरीला लागून तीन वर्षं झाली. "ये की गं एकदा" हे तिचं पालुपद पहिल्या महिन्यापासून चालू होतं. पण घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून जायचं तरी कसं? जूनमध्ये आई गेली. एकोणनव्वद वर्षांची होती. लोक म्हणाले, सोनं झालं. मलाही तसंच वाटायला हवं होतं. चार महिने झाले तरी संध्याकाळी सात वाजले की मी तिच्या औषधांच्या डबीकडे बघत बसायची. शेवटी लेकीने परस्पर तिकीट काढून पाठवलं.

पहिल्या दिवसाचं फार काही आठवत नाही. थंडी, दगडी रस्ते, ट्रामची घरघर. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात राहिली. तिथल्या मोठ्या चौकात सेंट मेरीचं चर्च आहे. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला एकजण तुतारीवर एक धून वाजवतो, चार खिडक्यांतून चार दिशांना, चार वेळा. आणि ती धून दर वेळी मध्येच, अर्ध्या सुरावर तुटते. दंतकथा अशी की तेराव्या शतकात तातारांची फौज चालून आली, पहारेकऱ्याने धोक्याचा इशारा म्हणून तुतारी फुंकली आणि एक बाण त्याच्या गळ्यात घुसला. जिथं त्याचा श्वास तुटला, तिथंच धून आजही थांबवतात. खाली पर्यटक माना वर करून उभे होते. सूर तुटला आणि क्षणभर सगळे गप्प झाले. ज्या गावाने एक तुटलेला सूर इतकी शतकं जपून ठेवला, ते गाव मला तिथंच आवडलं.

लेक वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, खाली घरमालक. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, एकटेच. संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावलं. काळा चहा, त्यात लिंबाची चकती. मी कुठल्या गावची असं त्यांनी विचारलं, लेकीने सांगितलं कोल्हापूर. त्यांनी कप खाली ठेवला.

"वालिवादे?" ते म्हणाले.

परक्या देशात, सहा हजार किलोमीटरवर, एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून वळिवडे! माझ्या अंगावर सरकन काटा आला.

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकली. १९४१ नंतर त्यांतले काही सुटले, इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतली पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं त्यांनी तिथं उभं केलं. ती गेल्यावर फाळणीत आलेले सिंधी निर्वासित तिथं वसले. आज आपण ज्या गांधीनगरात कापड घ्यायला जातो, ते हेच. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे.

माझ्या आईचं माहेर वळिवड्याशेजारचंच. आजोबांच्या म्हशी होत्या आणि दूध छावणीत जायचं. आई सात-आठ वर्षांची, आजोबांबरोबर टांग्यात बसून जायची. ती आठवण तिने मला शंभरदा तरी सांगितली असेल. गोरी गोरी पोरं मातीत खेळत असायची. एखादं पडलं, गुडघा फुटला की बराकीकडे तोंड करून ओरडायचं, "मामोऽऽ!" आणि बराकीतून त्याची आई धावत यायची. "मला काही समजायचंच नाही," आई सांगायची. "हाक मारतात मामाला आणि येते आई!" सांगून दर वेळी हसायची. अगदी शेवटच्या महिन्यात, माझं नावसुद्धा विसरली होती तेव्हा, ही गोष्ट तिला आठवत होती.

लेकीने हे पोलिशमधून घरमालकांना सांगितलं. ते हसले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, परवा मी गावाकडे, नोवी तार्गला चाललोय, आईच्या कबरीवर दिवा लावायला. तुम्हाला झाकोपानेला जायचंच आहे ना, मग माझ्याच गाडीतून चला.


१ नोव्हेंबर, क्राकोव

आज सगळ्या संतांचा दिवस. पोलंडमध्ये सुट्टी, दुकानं बंद, आणि सगळा देश कबरस्तानात. आपल्या पितृपक्षासारखं म्हणावं तर हे फार वेगळं आहे. पण आपल्या माणसांसाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवायचा, हे तेच.

राकोवित्स्की कबरस्तान १८०३ सालचं. फाटकाबाहेर जत्रा भरल्यासारखी गर्दी. काचेच्या, झाकणाच्या बरण्यांतल्या मेणबत्त्या, त्यांना झ्निच म्हणतात, लाल, पिवळ्या, निळ्या. आणि शेवंती. कुंड्याच्या कुंड्या शेवंती! आपल्याकडे नवरात्रात देवीला वाहतो ती, वेणीत माळतो ती शेवंती, इथं फक्त गेलेल्यांची. लेकीने बजावून ठेवलं होतं, "आई, इथं कुणाच्या घरी जाताना शेवंती न्यायची नाही हं." तो ओलसर, किंचित कडवट वास नाकात गेला आणि मला आमचं देवघर आठवलं.

फाटकापाशीच एक मिठाई विकत होते, नाव त्याचं तुर्की मध. साखरेचा पाक, त्यात दाणे, अगदी आपली चिक्की. कबरस्तानाच्या दारात घ्यायची ही खास क्राकोवची रीत. मुलं ती चघळत आजी-आजोबांच्या कबरींमधून हिंडत होती. कुणी त्यांना "गप्प बसा" म्हणत नव्हतं.

अंधार पडल्यावर खरं दृश्य दिसलं. साडेचारलाच सूर्य मावळतो. मग हजारो दिवे, कबरीकबरीवर, झाडांच्या मुळांशी, जिथं नावही वाचता येत नाही अशा दगडांवरसुद्धा. ज्याचं कुणी उरलं नाही त्याच्या दगडावर वाटेने जाणारा एखादा दिवा ठेवून जातो. दिव्यांची ऊब चेहऱ्याला लागते, खरोखर लागते.


२ नोव्हेंबर, झाकोपियान्का

आज मृतात्म्यांचा दिवस. घरमालक सकाळी नऊलाच गाडी घेऊन तयार. मागच्या सीटवर शेवंतीच्या दोन कुंड्या आणि दिव्यांची पिशवी, त्यांच्याशेजारी मी. लेक पुढे.

क्राकोवहून दक्षिणेला तात्रा पर्वताकडे जाणारा रस्ता म्हणजे झाकोपियान्का. शंभरेक किलोमीटर. पुणे-लोणावळा शनिवारी सकाळी कसं असतं, तसा हा रस्ता सुट्टीच्या दिवशी असतो. अर्धी वाट छान, रुंद, एक नवा लांबलचक बोगदा. पुढे मात्र गावागावांतून जाणारा जुना रस्ता. उतरत्या छपरांची लाकडी घरं, गवताच्या रासा, धुकं.

नोवी तार्गच्या कबरस्तानात त्यांची आई. काळ्या दगडावर तिचा अंडाकृती फोटो, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. त्यांनी आधी हाताने पानं बाजूला केली, मग दगड पुसला, मग कुंड्या ठेवल्या. हे सगळं इतक्या सावकाश की जणू तिला झोपेतून न उठवता खोली आवरायची होती. मग पिशवीतून एक दिवा काढून माझ्या हातात दिला आणि बोट दाखवलं: इथं, माझ्या आईशेजारी, तुझ्या आईचा. लेकीने भाषांतर करायची गरजच पडली नाही. काडी तीनदा विझली. चौथ्यांदा वात धरली. मी झाकण लावलं आणि नमस्कार केला.

इथून पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण हा सगळा प्रवास मला त्या पाऊण तासासाठी लक्षात राहणार आहे.

नोवी तार्गहून झाकोपाने जेमतेम वीस किलोमीटर. घरमालक काका म्हणाले, तुम्हाला सोडून मी परत बहिणीकडे येतो. निघालो आणि शाफ्लारीच्या पुढे रांगेत अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, बारीक पाऊस. काकांनी रेडिओ लावला. पोलिश रेडिओचा दुसरा कार्यक्रम, त्यावर शास्त्रीय संगीत असतं.

काहीतरी आधीच चालू होतं. नुसती तंतुवाद्यं, दाट, अनेक पदरी. एकच चाल जणू आठ जण एकामागून एक म्हणताहेत, प्रत्येकजण थोडा उशिरा, थोड्या वेगळ्या उंचीवरून. मी तरुणपणी नऊ वर्षं गाणं शिकले, पण पाश्चात्त्य संगीताशी माझा फारसा संबंध कधी आला नाही. त्यातली हार्मनी माझ्या कानाला गर्दीसारखी वाटायची. इथं मात्र कान आपोआप एका पदराला धरून चालू लागला. हळूहळू वरचे पदर गळायला लागले. एक गेला, दुसरा गेला. देवळातून माणसं एकेक करून उठून जावीत तसं. शेवटी अगदी खालचा, डबल बासचा खर्ज तेवढा उरला, आणि तोही जमिनीत जिरला.

गाडी जागची हलली नव्हती. वायपर तेवढे चालू होते. काकांनी ते बंद केले.

मग दुसरा भाग सुरू झाला आणि मी पुढे सरकून लेकीची सीट धरली. षड्ज आणि पंचम! तानपुऱ्यासारखी धरून ठेवलेली जोडी, आणि तिच्यावर तीनच स्वर: प, नी, ध. पुन्हा प, नी, ध. पहाटे डोंगरावर ऊन पडावं असा उजेड. इतकं साधं की मीही वाजवलं असतं. आणि मग एकाएकी पायाखालची जमीनच सरकली. षड्जच खाली, भलत्याच जागी गेला, सगळं काळवंडलं. आपल्याकडे षड्ज असा दगा देत नाही. मैफल संपेपर्यंत तो तुमच्या पाठीशी असतो. इथं तो गेला आणि त्या अंधारात, अगदी खालच्या सुरात, एका बाईचा आवाज आला.

शब्द कळत नव्हते. पोलिशमधलं मला नमस्कार आणि धन्यवाद, एवढंच येतं. पण एक शब्द आला आणि तो मला येत होता.

मामो.

आवाज मोठा नव्हता, हंबरडा तर नव्हताच. खालून हळूहळू वर चढणारा, प्रत्येक पायरीवर थांबणारा. मामो. माझ्या आईने ऐंशी वर्षं सांभाळलेला शब्द. वळिवड्याच्या मातीत गुडघा फुटलेल्या पोराचा.

"काय म्हणते गं ती?" मी विचारलं.

लेकीने मागे वळून पाहिलं नाही. समोरच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आई, रडू नकोस."

मला वाटलं मलाच म्हणते आहे. मी म्हणाले, "नाही गं रडत." आणि तेव्हा कळलं की माझ्या गालांवरून पाणी वाहतंय.

"नाही आई," ती म्हणाली, "गाण्यात आहे. नको आई, रडू नकोस. असंच म्हणतेय ती."

काकांनी नुसता हात वर केला. पुढे बोलू नका अशी ती खूण होती. आम्ही गप्प झालो. शेवटी त्या बाईने एकाच सुरावर जपासारखं काहीतरी म्हटलं, मेरीची प्रार्थना होती ती, आणि तंतुवाद्यं एकच स्वरसंगती कितीतरी वेळ धरून राहिली. तो भाग जेमतेम नऊ-दहा मिनिटांचा. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा आमच्यापुढे पन्नासेक फूट रस्ता मोकळा होता. काकांनी गाडी सावकाश पुढे घेतली.

तिसरा भाग संपून निवेदिका बोलू लागली, तोवर आम्ही पोरोनिनपर्यंत पोचलो होतो. "गुरेत्स्की," काका म्हणाले. "त्शेचा." तिसरी.

हेन्रिक मिकोवाय गुरेत्स्की, तिसरी सिंफनी, नाव 'शोकगीतांची सिंफनी'. मग काकांनी जे सांगितलं ते लेकीने मला सांगितलं आणि तिचा आवाज मध्ये मध्ये थांबत होता. हे शब्द कुणा कवीचे नाहीत. १९४४ साली झाकोपानेत गेस्टापोच्या तळघरातल्या कोठडीत अठरा वर्षांची एक मुलगी कैदेत होती. हेलेना वांदा ब्वाझुशाकूव्ना तिचं नाव. तिने ते भिंतीवर कोरले होते.

"झाकोपानेत?" मी म्हणाले. "म्हणजे आपण चाललोय तिथं?"

काका म्हणाले, "हो. तुमच्या मुक्कामापासून चालत दहा मिनिटं."


३ नोव्हेंबर, झाकोपाने

सकाळी धुकं उठलं आणि गिएवोंत दिसला. झोपलेल्या सरदारासारखा डोंगर, छातीवर हात ठेवून उताणा. थोडं हिंडलो, धुरावलेलं मेंढीचं चीज खाल्लं, बरोबर आंबटगोड मुरंबा. बाकी बाजारपेठ म्हणजे महाबळेश्वरच.

दुपारी जेवायला गेलो तिथं चौघेजण वाजवत होते. तीन व्हायोलिन आणि एक चेलोसारखं तीन तारांचं वाद्य, गळ्यात पट्टा घालून उभ्याने वाजवायचं. ते एका जागी हटून बसल्यासारखं आधार देतं आणि वर व्हायोलिन भांडतात. आणि मला चक्क तीव्र मध्यम ऐकू आला! पुन्हा पुन्हा. या डोंगरी लोकांच्या, गुराल लोकांच्या गाण्याची ती ओळखच आहे. गुरेत्स्कीने हे संगीत जवळून ऐकलेलं होतं. तो खाणींच्या मुलखातला, कातोवित्सेचा, पण त्याचा जीव इथं. इथून जवळच झोंब नावाच्या उंचावरच्या खेड्यात त्याने घर केलं होतं. कालचा तो षड्ज-पंचमाचा आधार कुठून आला, ते मला त्या जेवणाच्या टेबलावर समजलं. कालवण गार झालं तरी मी ऐकत होते.

संध्याकाळी 'पॅलेस'ला गेलो. युद्धाआधी ते प्रवाशांचं निवासस्थान होतं. जर्मनांनी ते घेतलं आणि तळघराच्या कोठड्या केल्या. लोक त्याला पोदहालेची, म्हणजे या डोंगरी भागाची, छळशाळा म्हणतात. आता संग्रहालय आहे, पण आम्ही पोचलो तेव्हा बंद झालं होतं. मी मनातून थोडी सुटलेच, खरं सांगायचं तर. ती भिंत बघायचं बळ माझ्यात होतं असं वाटत नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. दोन दिवसांपूर्वीचे दिवे तिथंही होते, काही विझलेले, काही अजून जळणारे.

तिने लिहिलेलं एवढंच: नको आई, रडू नकोस. स्वर्गाच्या परमपवित्र राणी, तू मला सदैव आधार दे. आणि खाली आपलं नाव, वय अठरा, आणि सप्टेंबर १९४४ मधली पकडल्याची तारीख.

गुरेत्स्कीने याविषयी जे सांगून ठेवलंय ते लेकीने फोनवर शोधून वाचून दाखवलं. त्याचा आशय असा: कैद्यांनी भिंतींवर बरंच काही लिहिलेलं असतं. मी निर्दोष आहे, खुनी, मारेकरी, मला वाचवा. ती मोठी माणसं होती. आणि इथं ही जवळजवळ लहानच म्हणावी अशी पोरगी. ती आक्रोश करत नाही, सूड मागत नाही, स्वतःचा विचारही करत नाही. तिला एकच कळतं, की आपली आई आता रडत असेल.

मी आणि लेक काहीच बोललो नाही. तिने माझा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. लहानपणी मी तिचा घ्यायची तसा.

ती मुलगी वाचली. हे मला रात्री कळलं आणि मी अंथरुणात उठून बसले. ती युद्धातून वाचली आणि पुढे पुष्कळ वर्षं जगली. गाणं ऐकताना मी तिला मेलेलीच धरून चालले होते. आता जेव्हा ऐकीन तेव्हा हे माहीत असताना ऐकीन. त्याने गाणं हलकं होत नाही. आईला "रडू नकोस" म्हणणाऱ्या मुलीला त्या क्षणी हे कुठं ठाऊक होतं?


४ नोव्हेंबर, क्राकोव

बसने परत. दिवसभर पाऊस. खिचडी केली, कपडे धुतले. लेकीने दुकानातून त्या सिंफनीची सीडी आणली आणि आम्ही दोघी रात्री एक वाजेपर्यंत त्यावरचं वाचत बसलो.

सिंफनी १९७६ मध्ये लिहिली, ४ एप्रिल १९७७ ला फ्रान्समध्ये रोयाँ इथं पहिल्यांदा वाजली. तिथं जमले होते नव्या संगीताचे जाणकार. गुरेत्स्की स्वतः एकेकाळी त्यांच्यातलाच, कर्कश, अवघड, डोकं फुटेल असं लिहिणारा. आणि आता चोपन्न मिनिटं, तिन्ही भाग संथ, साधे स्वर, आईची गाणी! त्यांना ते पटलं नाही. समीक्षकांनी झोडपलं. पुढची पंधरा वर्षं पोलंडबाहेर या सिंफनीला फारसं कुणी विचारलं नाही. १९९२ मध्ये डॉन अपशॉ ही उंच पट्टीत गाणारी अमेरिकन गायिका, डेव्हिड झिनमन हे संचालक आणि लंडन सिंफोनिएटा हा वाद्यवृंद यांची ध्वनिमुद्रिका आली आणि ती रेडिओवरून घराघरांत पोचली. ब्रिटनमध्ये पॉप गाण्यांच्या जोडीने विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. जिवंत संगीतकाराच्या अशा कृतीचं असं आधी झालं नव्हतं. त्या लाखो लोकांतल्या कितीजणांनी ती माझ्यासारखीच, कुठंतरी जाता जाता, मधूनच ऐकली असेल, असं मनात आलं.

बाकी दोन गाणीही आईचीच. पहिलं पंधराव्या शतकातलं, क्रुसाखाली उभी मेरी मुलाला म्हणते, तुझ्या जखमा माझ्याबरोबर वाटून घे. तिसरं ओपोले भागातलं लोकगीत, उठावात मारल्या गेलेल्या मुलाला शोधणारी आई. पहिल्यात आणि तिसऱ्यात आई मुलासाठी रडते. मधल्यात मुलगी आईला सावरते. हे मधलं असं उलटं आहे म्हणूनच ते इतकं लागतं, असं मला वाटतं.

आणि मग ती ओळ आली. गुरेत्स्कीचा जन्म ६ डिसेंबर १९३३ चा. त्याच्या दुसऱ्या वाढदिवसाला त्याची आई वारली.

लेकीने लॅपटॉप मिटला. मी आतल्या खोलीत जाऊन आईचा फोटो काढून टेबलावर ठेवला. कोल्हापूरहून निघताना बॅगेत घातला होता, पण इतके दिवस बाहेर काढला नव्हता.


५ नोव्हेंबर, कातोवित्से

परवा मी परत निघणार. उद्या वॉर्सा. तिथं वळिवड्याच्या त्या लोकांचं कोल्हापूर स्मारक आहे, तिथं शेवंती ठेवायची असं ठरलंय. आज मात्र लेकीने रजा टाकली आणि आम्ही आगगाडीने कातोवित्सेला आलो. त्याचं गाव बघायला, एवढंच कारण.

कातोवित्से म्हणजे कोळसा. क्राकोवचं देखणेपण इथं नाही, पण मला हे शहर मनापासून आवडलं. इथल्या संगीत अकादमीत तो शिकला, तिथंच शिकवलं, १९७५ ते ७९ तिचा प्रमुख होता. १२ नोव्हेंबर २०१० ला इथंच वारला. पोलिश रेडिओच्या राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंदाचं नवं सभागृह २०१४ मध्ये झालं, तेही एका जुन्या कोळशाच्या खाणीच्या जागेवर. अठराशे माणसं बसतात. बाहेरून लाल विटा आणि विटांच्या खाचांना आतून भडक लाल रंग. खाणकामगारांच्या जुन्या चाळींच्या खिडक्या अशाच रंगवलेल्या असतात. आज कार्यक्रम नव्हता. मी त्या भिंतीवर तळहात ठेवून पाहिला. विटा गार होत्या.

शेजारीच खाणीचा जुना लोखंडी मनोरा आहे, कोळसा वर ओढायचा. आता लिफ्टने वर जाता येतं. वर वारा होता. खाली शहर, धुराडी, दूरवर राखाडी क्षितिज. आम्ही एका कोपऱ्यात टेकलो आणि एकेक इअरफोन कानात घातला. एक तिच्या उजव्या, एक माझ्या डाव्या.

तिसरा भाग लावला. गाडीत मी तो ऐकला होता, पण मन दुसऱ्यातच अडकलेलं होतं. दोन स्वरसंगती पाळण्यासारख्या हलतात, इकडून तिकडे, कितीतरी वेळ. पोलिश संगीतकार शोपँच्या एका माझुर्काच्या, म्हणजे नाचाच्या चालीवरच्या रचनेच्या, सुरुवातीतून त्या घेतल्यात म्हणे. त्यावर आई गाते, माझा लाडका कुठं गेला. शेवटच्या कडव्यात ती देवाच्या फुलांना सांगते, त्याच्याभोवती फुला, म्हणजे त्याला शांत झोप लागेल. आणि मग सगळं एका उजळ संगतीवर येऊन थांबतं. षड्ज, गंधार, पंचम. ती वाजते, पुन्हा वाजते, पुन्हा. एकवीस वेळा, असं काल वाचलं होतं. एकवीस म्हणजे आपल्या दूर्वांचा आकडा. रोयाँच्या जाणकारांना याचाच राग आला होता.

मी बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. लेकीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. चौदापर्यंत मोजल्याचं आठवतं. पुढे अंगठा तसाच त्या पेरावर राहिला.

संपल्यावर बराच वेळ कानात नुसता वारा. मग लेक म्हणाली, "आई, चार पन्नासची गाडी आहे."

आम्ही उठलो आणि लिफ्टकडे निघालो.